आकाशातला रिकामा वाडा

लहानपणी वाचलेल्या गोष्टींमधली भुतं कुठे राहायची, आठवून बघा. 'चांदोबा'तला वेताळ स्मशानातल्या झाडावर. नारायण धारपांच्या कथांमधलं जे काही असेल ते जुन्या वाड्यात, कुलूपबंद खोलीत. आणि 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला वेताळ तर भूतच नव्हता! टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका काढली आणि मराठीत 'फँटम'चं बारसं 'वेताळ' असं झालं, एवढाच त्याचा भुताखेतांशी संबंध. बाकी तो मुखवटा घातलेला धडधाकट माणूस. त्याच मालिकेत फ्लॅश गॉर्डनही यायचा. यानं होती, परग्रह होते, दुष्ट सम्राट मिंग होता. पण मिंगला घाबरून कुणी रात्री डोक्यावरून पांघरूण घेतल्याचं मला आठवत नाही.

मोठेपणी इंग्रजी भयकॉमिक्स हाती लागली, तेव्हा लक्षात आलं की या लोकांनी वाडाच उचलून आकाशात नेऊन ठेवलाय. १९७९ साली 'एलियन' सिनेमा आला आणि त्याच वर्षी आर्ची गुडविन व वॉल्टर सायमन्सन यांनी त्याची चित्रकथा केली. त्यात यान आहे. पुढे १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'एलियन्स: लॅबिरिंथ'मध्ये चक्क अवकाशस्थानक. (आम्हा घनसावंगीकरांना स्थानक म्हणजे एसटीचं, तेही कमी भयानक नसतं, पण ते असो.) रचना तीच जुनी. मोजकी माणसं, लांबलचक बोळ, बंद दारं, आत काहीतरी, आणि पळून जायला अंगण नाही.

ही कॉमिक्स वाचताना मला सारखी स्कायलॅब आठवायची. कारण 'एलियन' तिकडे अमेरिकेत २५ मे १९७९ ला लागला, आणि त्यानंतर ४७ दिवसांनी आम्ही एका खऱ्या अवकाशस्थानकाला घाबरून बसलो होतो. फक्त खालून.

स्कायलॅबची हकिगत एखाद्या चित्रकाराने नुसती क्रमाने काढली असती तरी भयकॉमिक झालं असतं. १४ मे १९७३ ला ती वर गेली, तीच जखमी होऊन. उड्डाणातच तिचं संरक्षक कवच उखडलं, एक सौरपंखा तुटून गेला, दुसरा अडकून बसला. कवच नसल्यामुळे आतलं तापमान ५० अंशांच्या वर गेलं. भीती अशी होती की तापलेल्या आवरणातून विषारी वायू सुटला असेल. अकरा दिवसांनी पीट कॉनरॅड आणि त्याचे दोन साथीदार निघाले, ते या घरात शिरायला. आधी आतली हवा तपासली आणि मगच आत गेले. हे पान डोळ्यांसमोर आणा: तापलेलं, रिकामं, अंधारं घर, आणि दार उघडायला आलेला पहिला माणूस.

त्यांनी एक छत्री उघडून उन्हाला आडोसा केला (खरंच छत्रीसारखीच ती!) आणि घर राहतं केलं. तीन तुकड्या राहून गेल्या: २८ दिवस, ५९ दिवस, ८४ दिवस. शेवटची माणसं ८ फेब्रुवारी १९७४ ला निघाली. निघताना पुढे कुणी आलंच तर असावी म्हणून सामानाची एक पिशवी ठेवली आणि दाराला कडी न घालता परतली.

पुढे कुणीच आलं नाही. स्पेस शटल पाठवून तिला वर ढकलायचा बेत होता, पण शटल उडालं थेट १९८१ मध्ये. मधल्या काळात सूर्य जास्तच चेतला, त्यामुळे वातावरण फुगून वर आलं, त्याचं घर्षण वाढलं आणि स्कायलॅब खाली घसरू लागली. पाच वर्षांहून जास्त काळ दार लोटलेला रिकामा वाडा आपल्या डोक्यावरून फिरत होता. रिकाम्या वाड्याचं काय होतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

वजन ७७ टन. कुणा ना कुणा माणसाला तुकडा लागण्याची शक्यता 'नासा'ने १५२ त एक अशी सांगितली होती. त्यात आदल्याच वर्षी, जानेवारी १९७८ मध्ये, अणुभट्टी असलेला एक रशियन उपग्रह कॅनडात कोसळला होता. म्हणजे घाबरणारे सगळे अडाणी होते असं नाही.

घनसावंगी तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात होतं. जालना जिल्हा व्हायला अजून दोन वर्षं होती. समर्थ रामदासांचं जांब इथून जवळ, त्यामुळे भीती वाटली की मारुतीस्तोत्र, हा आमच्याकडचा नेहमीचा उपाय. (धारपांच्या भुतं पळवणाऱ्या नायकाचं नावही 'समर्थ'च आहे, याची मला फार गंमत वाटते.) त्या आठवड्यात आमच्या घरी स्तोत्र रोज झालं. पण भांडण झालं ते झोपायच्या जागेवरून. आजीचं म्हणणं, "मरायचं त समदे संगंच मरू." तिने सगळ्यांची अंथरुणं मधल्या घरात घातली. काका म्हणाले, "माय, कुनीतरी मागं राह्यलं पाहिजे." आणि ते दोन्ही दादांना घेऊन मळ्यात झोपायला गेले. आम्ही चौघी बहिणी, आई, काकू आणि आजी मधल्या घरात.

काकांचा हिशेब चोख होता. दोन ठिकाणी माणसं ठेवली की एक ठिकाण वाचतं. मळ्यात कोण न्यायचं, याची मात्र चर्चासुद्धा झाली नाही. मी नऊ वर्षांची होते. मला तेव्हा एवढंच वाईट वाटलं की दादाने 'इंद्रजाल'चा नवा अंकही सोबत नेला.

११ जुलैच्या रात्री आपल्याकडे दहा वाजून गेले होते तेव्हा स्कायलॅब हिंदी महासागरावर फुटली. उरलेले तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास पडले. कुणालाही लागलं नाही. गावाने कचरा केल्याबद्दल 'नासा'ला ४०० डॉलर दंड ठोठावला. तो २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे जमवून भरला. आपल्याकडे चारच दिवसांनी, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला आणि लोकांना बोलायला दुसरा विषय मिळाला.

पुष्कळ वर्षांनी मी आजीला ती कडी न घातलेल्या दाराची गोष्ट सांगितली. तिने जरा विचार केला आणि विचारलं, "आत दिवा ठिवला व्हता का?" इतकी वर्षं आकाशातल्या त्या वाड्याकडे तिने घर म्हणूनच पाहिलं असावं.

कधी कुणी मराठीत हे कॉमिक काढलंच, तर अर्धी चौकट वरची आणि अर्धी खालची काढावी. वर अंधारात दार हलतंय. खाली मधल्या घरात सात जणी जाग्या आहेत. काकू, तू हे वाचणार आहेसच. त्या रात्री तू दाराकडे तोंड करून बसून होतीस, एवढं मला पक्कं आठवतंय. तुला कुणी विचारलं होतं का गं, कुठे झोपायचंय ते?