कापसाच्या तंतूंची वायुपार्यता

सच्छिद्र पदार्थाच्या दोन बाजूंमध्ये दाबाचा फरक ठेवला असता त्यातून वायू ज्या सुलभतेने वाहतो, त्या गुणधर्मास वायुपार्यता म्हणतात. ओतकामाची वाळू, सिमेंट व खडक यांच्या बाबतीत तिचे मापन करतात. तथापि महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा तिच्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो रुईच्या बोळ्यामुळे.

रुईची तलमता पूर्वी व्यापारी नजरेने व बोटांच्या स्पर्शाने जोखीत. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने १९२४ मध्ये मुंबईत माटुंगा येथे प्रयोगशाळा स्थापन केली (सध्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था). ए. जे. टर्नर हे तिचे पहिले संचालक होत. तेथे तंतूंचे ठराविक लांबीचे तुकडे कापून, मोजून त्यांचे वजन करीत. परिपक्वतेसाठी तंतू १८% दाहक सोड्याच्या विद्रावात फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तपासीत. ए. एन. गुलाटी व नझीर अहमद यांचा परिपक्वतेवरील १९३५ चा अभ्यास याच पद्धतीचा. गुलाटी व टर्नर यांनी १९२८ मध्ये मोहें-जो-दडो येथील वस्त्राचे तंतू कापसाचेच असल्याचे दाखविले, तेही सूक्ष्मदर्शकाच्याच साहाय्याने. एवढ्याशा अवशेषातून हवा सोडून काहीच मोजता आले नसते. पद्धत विश्वसनीय होती, परंतु बाजारातील हजारो गाठींना ती पुरी पडणे अशक्य होते.

उपाय द्रवगतिकीतून आला. फ्रान्समधील आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला होता. योझेफ कोझेनी (१९२७) व पी. सी. कारमन (१९३७) यांनी प्रवाहाचा संबंध पदार्थातील पोकळीचे प्रमाण व कणांचा विशिष्ट पृष्ठभाग (एकक घनफळामागील पृष्ठभाग) यांच्याशी जोडला. पोकळी तेवढीच ठेवली, तर विशिष्ट पृष्ठभाग दुप्पट झाल्यास प्रवाह चतुर्थांश होतो. म्हणजे तंतू जितके बारीक, तितकी हवा कमी. कापूस पाण्यात फुगत असल्याने येथे हवाच सोयीची.

या तत्त्वावर अमेरिकेतील शेफील्ड कंपनीचे मायक्रोनेअर उपकरण १९४७ च्या सुमारास प्रचारात आले. ५० ग्रेन (सु. ३·२४ ग्रॅ.) रुई ठराविक घनफळाच्या कक्षात दाबून बसवितात, स्थिर दाबाने हवा सोडतात व प्रवाहावरून अंक वाचतात. काम काही सेकंदांचे. आरंभी हा अंक तंतूच्या एक इंच लांबीचे मायक्रोग्रॅममधील वजन म्हणून वाचीत. ही मोजपट्टी अमेरिकी कापसांवरून आखलेली होती व ती सर्व जातींना लागू पडत नाही, असे लवकरच आढळले. म्हणून पुढे एकक सोडून देऊन नुसते ‘मायक्रोनेअर मूल्य’ म्हणण्याचा प्रघात पडला.

खरी अडचण निराळी आहे. उपकरण तलमता मोजत नाही. ते वायुपार्यता मोजते. अपक्व तंतूची भिंत पातळ असते व तो चपटा होतो. त्याचा परीघ जवळजवळ तेवढाच राहून द्रव्य मात्र कमी होते, त्यामुळे विशिष्ट पृष्ठभाग वाढून अंक उतरतो. सुविनसारख्या जातीचा कमी अंक जातिवंत तलमतेचा असतो. पावसाने ताण दिल्याने बोंडे नीट न भरलेल्या जाडसर जातीचाही अंक कमी येऊ शकतो. पहिल्याचे सूत उत्तम निघते, दुसऱ्यात गाठी पडतात व रंग नीट बसत नाही. मँचेस्टरच्या शर्ली संस्थेतील ई. लॉर्ड यांनी १९५५–५६ च्या सुमारास दाखविले की, अंकाचा संबंध तलमता व परिपक्वता यांच्या गुणाकाराशी आहे. तोच बोळा दोन वेगवेगळ्या प्रमाणांत दाबून हे दोन घटक अलग काढणारी उपकरणेही झाली. बाजारात मात्र एकाच अंकाचे चलन राहिले.

महाराष्ट्रात १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत ग्रेडर मुख्यतः पाहून व हाताळून प्रत ठरवीत. हमीभावाच्या प्रतवारीत पुढे धाग्याच्या लांबीबरोबर मायक्रोनेअरची मर्यादाही आली, उदा., २९·५ ते ३०·५ मिमी. लांबीच्या प्रतीसाठी ३·५ ते ४·३. या मर्यादेखाली अंक गेला, तर तो वाणामुळे की पाण्याच्या ताणामुळे, हे त्या अंकावरून कळत नाही.