वीजनियंत्रणाचा अधिकार : संगणकेतिहासातील एक अपुरे सत्तांतर

निष्क्रिय यंत्रभागाचा वीजपुरवठा केव्हा कमी करावा, संगणकास केव्हा झोपवावे, हे प्रश्न वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटतात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न आहे. हा निर्णय यंत्रनिर्मात्याने घ्यावयाचा की ऑपरेटिंग सिस्टिमने?

१९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी ए. पी. एम. ही मानकसंहिता प्रसिद्ध केली. तीत मुख्य भार बायॉसवर, म्हणजे निर्मात्याने यंत्रातच बसविलेल्या मूलभूत आज्ञावलीवर, होता. ठराविक अवधीत हालचाल दिसली नाही की बायॉस त्या भागास झोपवी. परंतु कोणते कार्यक्रम चालू आहेत, याची जाण बायॉसला नसे. कळफलक शांत आहे म्हणून यंत्र रिकामे समजावे, तर आत एखादा दीर्घ हिशेब चालू असावयाचा!

डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबासह याच कंपन्यांनी मांडलेल्या ए. सी. पी. आय. संहितेने तो अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपविला. तथापि हे सत्तांतर पूर्ण नव्हते. कोणता भाग कोणत्या रीतीने झोपवावयाचा, हे सांगणारी कोष्टके व छोट्या आज्ञावली निर्मात्यानेच लिहावयाच्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमने त्या जशाच्या तशा चालवावयाच्या, अशी योजना होती. गादी बदलली, दफ्तर मात्र जुन्याच फडणिसाकडे राहिले.

या संदर्भात एक पत्र वारंवार पुढे केले जाते. ए. सी. पी. आय.चे विस्तार विंडोजपुरतेच ठेवता येतील काय, अशी पृच्छा बिल गेट्स यांनी जानेवारी १९९९ मधील एका अंतर्गत पत्रात केली होती. आयोवा राज्यातील खटल्यात ते पत्र पुराव्यादाखल उजेडात आले. त्यावरून कटाचा सिद्धान्त उभारणे मात्र धाडसाचे होईल. पत्रात पृच्छा आहे, आज्ञा नाही. आणि संहिता सर्वांस खुलीच राहिली. लिनक्सला जो त्रास सोसावा लागला, त्याचे कारण अधिक सामान्य होते. बहुसंख्य निर्माते आपली कोष्टके केवळ विंडोजवर पारखून यंत्रे बाजारात आणीत. कोष्टकांना ऑपरेटिंग सिस्टिमची ओळख विचारण्याची सोय आहे. ‘विंडोज काय?’ या प्रश्नास लिनक्स होकार देऊ लागले आणि ‘लिनक्स काय?’ या प्रश्नास पुढे नकार! पारखलेली वाट तेवढी एकच असल्याने हा वेषपालट अपरिहार्य होता.

डिसेंबर २००९ मधील २.६.३२ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये, यंत्र जागे असतानाही एकेक साधन स्वतंत्रपणे झोपविण्याची सर्वसाधारण चौकट आली. तीत साधनागणिक ‘कंट्रोल’ नावाची फाईल असते. तीत ‘ऑन’ लिहिल्यास साधन जागे राहते, ‘ऑटो’ लिहिल्यास त्यास झोपण्याची मुभा मिळते. यू. एस. बी. साधनांपैकी हब सोडल्यास बहुतेकांना ही मुभा कर्नल आपण होऊन देत नाही. कारण झोपलेले साधन नीट जागे होईलच, असा भरवसा नाही. नियंत्रण हाती आले तरी निर्मात्याच्या कारागिरीवरील अवलंबन सुटले नाही, याची याहून बोलकी साक्ष क्वचितच मिळेल.

२०१५ साली इंटेलने स्कायलेक प्रोसेसरांत गतिनिवडीचे कामही चिपकडे देण्याची सोय केली. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मानाने चिपला हा बदल फार त्वरेने करता येतो. ही सोय वापरात असता ऑपरेटिंग सिस्टिम केवळ किमान व कमाल मर्यादा आणि आपला कल कळविते. त्या मर्यादांतील निवड चिप स्वतः करते.