धावपट्टीनं शिकवलेला ब्रेक

गोंदिया शहराला खेटून असलेल्या कुडव्यात, किंवा विदर्भातल्या कुठल्याही गावात, गाडी ‘मॉडिफाय’ करणाऱ्या तरुणाला विचारा, पहिला पैसा कशावर गेला? सायलेन्सर, अलॉय व्हील, रुंद टायर, मग इंजिन. ब्रेकचं नाव शेवटी येतं, पुष्कळदा येतच नाही. यात फक्त त्या पोरांचा दोष नाही. मोटारीचा सगळा इतिहासच असा आहे. वेग आधी आला, थांबण्याची अक्कल मागून आली, आणि मधल्या काळाची किंमत बहुतेक वेळा तिसऱ्याच माणसानं मोजली.

सुरुवात घोडागाडीपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या डर्बीशायर भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं पाहिलं, की उतारावर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं लावतात. त्याच विचारातून त्यानं ब्रेकचं अस्तर बनवण्याचा धंदा काढला. पुढे तोच ‘फेरोडो’ झाला. आपल्याकडचे काही जुने मिस्त्री ब्रेक लायनरला अजून ‘लेदर’ म्हणतात. चामडं केव्हाच गेलं, शब्द राहिला.

1902 मध्ये दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समध्ये लुई रेनोनं ड्रम ब्रेक आणला आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनं डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. लँचेस्टरची कल्पना सरस होती, पण तांब्याचे पॅड धातूच्या चकतीवर असे किंचाळत की कोणी ती वापरेना. बाजी ड्रमनं मारली आणि पुढची पन्नास वर्षं राज्य केलं.

ड्रमचं दुखणं समजून घ्यायला थोडं गणित हवं. ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकत नाही, त्याची उष्णता करतो. हजार किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली, तर एक लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता निघते. वेग 140 असेल तर जवळजवळ दुप्पट, कारण उष्णता वेगाच्या वर्गानं वाढते. रस्त्यावर असा ब्रेक कधीतरी लागतो. शर्यतीच्या ट्रॅकवर तो दर वळणाला लागतो, आणि दोन वळणांमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही. ड्रम बंद डब्यासारखा असतो. तो तापला की फुगून शूपासून लांब जातो आणि लायनरची पकडही सुटत जाते. चालक पाय दाबत राहतो, गाडी थांबत नाही.

हे दुखणं जगाला नीट दिसलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यात विमानांच्या धावपट्ट्यांचा मोठा वाटा आहे. युद्ध संपलं तेव्हा जगभर रिकाम्या धावपट्ट्या पडून होत्या. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन हे लष्करी विमानतळ. 1947 मध्ये काही हौशी मंडळींनी तिथं गुपचूप गाड्या पळवल्या. मधे मेंढी आली आणि मेली, म्हणून ती शर्यत ‘मटण ग्रां प्री’ या नावानं ओळखली जाते. पुढच्याच वर्षी तिथं रीतसर शर्यती सुरू झाल्या. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर हेच घडलं. 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं ते ठिकाण देशभर गाजवलं. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही मोटारी पळाल्या.

यात गंमत अशी, की ज्या धावपट्टीवर ड्रम हरला, त्याच धावपट्टीनं त्याला उत्तर दिलं. उतरणाऱ्या जड विमानाला थांबवणं हा ब्रेकसाठी सगळ्यात कठीण पेपर. डनलॉप कंपनीनं विमानासाठी केलेल्या डिस्क ब्रेकचं काम जॅग्वारच्या मोटारीत आणलं. उघड्या चकतीला वारा लागतो, आणि ती तापून फुगली तरी पॅडपासून लांब जात नाही. 1953 मध्ये ल मान्सची 24 तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारनं जिंकली. चाक जाम होऊ न देणारी यंत्रणाही, जिला आज आपण एबीएस म्हणतो, आधी विमानातच रुळली.

पण दोनच वर्षांनी, 11 जून 1955 ला, त्याच ल मान्समध्ये मोटार शर्यतीच्या इतिहासातला सगळ्यात भीषण अपघात झाला. पिटमध्ये वळण्यासाठी एका जॅग्वारनं जोरात ब्रेक मारला. मागची गाडी बाजूला झाली आणि तिच्यामागून सुसाट येणारी मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते. कारणं अनेक होती, ट्रॅक अरुंद होता, प्रेक्षकांना संरक्षण नव्हतं. तरी एक धडा विसरता येत नाही. तिथं मेलेल्या बहुतेकांच्या हातात स्टिअरिंग नव्हतं.

भारतात अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या पिढीनं ड्रमवरच दिवस काढले. ऐंशीच्या दशकात मारुती आली आणि पुढच्या चाकांची डिस्क सामान्य घरापर्यंत पोचली. मोटारींना आणि 125 सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं व्हायला 2018-19 साल उजाडलं. शर्यतीही धावपट्टी सोडून बांधीव ट्रॅकवर गेल्या: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचं कारी, 2011 मध्ये दिल्लीजवळचं बुद्ध सर्किट. अकबर इब्राहिम यांच्यासारखा चालक पुढे या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष झाला. आता या ट्रॅकवर हौशी माणूस आपली रोजची गाडीही चालवू शकतो. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात.

त्यासाठी ब्रेक सुधारायचे तर क्रम इतिहासच सांगतो: आधी उष्णता, मग दिखावा. पहिलं काम ब्रेक ऑइलचं. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही हमी 155 वर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला बसतं. आपल्या धानपट्ट्यातल्या पावसाळी हवेत हे विसरू नये. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ताजं ऑइल आणि नीट काढलेली हवा. दुसरं, जास्त उष्णता सोसणारे पॅड. तिसरं, जुने रबरी पाइप बदलणं आणि डिस्कपर्यंत वारा पोचवणं. मोठ्या डिस्क, रंगीत कॅलिपर यांचा नंबर शेवटचा. आणि निव्वळ शर्यतीचे पॅड रोजच्या रस्त्यावर नकोत. ते थंड असताना नीट धरत नाहीत.

या इतिहासात आणखी एक माणूस आहे, ज्याचं नाव कुठं लिहिलं जात नाही. तांब्याची किंचाळी फ्रूडच्या अस्तरानं थांबवली खरी, पण त्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊन उठते. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसवर आजही पूर्ण बंदी नाही. सच्चर समितीनं 2006 मध्ये नोंदवलं, की मुस्लिम समाजात नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणारे जास्त आहेत. गॅरेज हा त्यातलाच धंदा. ड्रम उघडून हवेच्या पाइपानं धूळ उडवायची, हे शागीर्द उस्तादाकडून शिकतो, आणि दोघंही ती धूळ पितात. ओलं फडकं किंवा ब्रेक क्लीनर आणि तोंडावर चांगला मास्क, एवढा खर्च कोणत्याही गॅरेजला जड नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्याचा. गोंदियाजवळ बिरसीलाही 1940 च्या सुमारास ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली. ती शोलावरम झाली नाही. आज तिथं वैमानिक तयार होतात, 2022 पासून प्रवासी विमानंही उतरली. चांगलंच झालं. पण वर सांगितलेला एकही ट्रॅक विदर्भात नाही, म्हणून वेगाची हौस रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर उतरते. तिथं सायकलवाला असतो, दुकान बंद करून निघालेला माणूस असतो. त्यांनी तिकीट काढलेलं नसतं. तवक्कुल म्हणजे काय हे सांगताना पैगंबरांनी उंट मोकळा सोडू नये, आधी बांधावा, असं शिकवल्याची हदीस आपल्या मुलांना पाठ असते. आपला जीव अमानत आहे आणि समोरच्याचाही. ज्याला थांबवता येत नाही, तो वेग आपल्या मालकीचा नसतो.