विमानाच्या पोटाखालून सुटणारं रॉकेट : हायपरसॉनिक संशोधनात हा खटाटोप कशासाठी?

आवाजाच्या वेगाच्या पाचपट, म्हणजे 'मॅक ५' किंवा त्याहून जास्त वेगाला हायपरसॉनिक म्हणतात. समुद्रसपाटीला हिशोब केला तर हा वेग ताशी ६ हजार किलोमीटरच्या वर जातो. या वेगात विमानाभोवतीची हवा प्रचंड तापते आणि तिचं वागणंच बदलतं. त्यामुळे नेहमीच्या विमानांसाठी बसवलेली गणितं इथे पुरेशी पडत नाहीत.

मग चाचणी घ्यायची कुठे? जमिनीवरच्या अनेक विंड टनेलमध्ये इतका वेग सेकंदाच्या छोट्याशा भागापुरताच मिळतो. साधं संशोधन रॉकेट सरळ वर सोडलं, तर ते काही क्षणांत दाट हवेच्या बाहेर निघून जातं. संशोधकांना हवं असतं ते वेगळंच. वेग प्रचंड, पण उड्डाण हवेतच, शक्य तितकं आडवं आणि निदान काही सेकंद टिकणारं. अशा रॉकेटला सबऑर्बिटल म्हणतात, कारण ते पृथ्वीच्या कक्षेत जात नाही. काम संपलं की खाली येतं.

विमान कशाला हवं?

साधारण १२ किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीच्या तुलनेत जेमतेम पाव असते. रॉकेट तिथे नेऊन सोडलं की सर्वात दाट हवेशी झुंजण्यात इंधन जात नाही. शिवाय विमान समुद्रावर नेता येतं, म्हणजे काही बिघडलंच तर खाली वस्ती नसते.

आणि बिघडतंही. नासाच्या एक्स-४३ए या प्रकल्पाचं पहिलं उड्डाण २ जून २००१ रोजी झालं. जेमतेम १२ फूट लांबीचं मानवरहित यान, ते पेगासस रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या टोकाला बसवलेलं आणि हे सगळं बी-५२ विमानाच्या पंखाखाली. पेगासस एरवी सुमारे ४० हजार फुटांवरून सुटतं. पण इथे मॅक ७ च्या आसपासच वेग हवा होता, म्हणून ते मुद्दाम बरंच खाली, सुमारे २४ हजार फुटांवर सोडलं. तिथली हवा दाट, त्यामुळे रॉकेटवरचा दाब जास्त. काही सेकंदांतच रॉकेटचा ताबा सुटला आणि ते नष्ट करावं लागलं. यानाचं स्वतःचं इंजिन सुरू होण्याची वेळच आली नाही.

पुढची जवळपास तीन वर्षं दुरुस्तीत गेली. उपाय ऐकायला साधा होता. रॉकेटमधलं थोडं इंधन काढून टाकायचं आणि सोडायचं मात्र ४० हजार फुटांवरूनच. २७ मार्च २००४ ला यान मॅक ६.८ पर्यंत पोहोचलं. १६ नोव्हेंबर २००४ ला सुमारे मॅक ९.६, म्हणजे ताशी जवळपास ११ हजार किलोमीटर. या वेगाने मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतलं अंतर ४० सेकंदांत संपेल!

गंमत म्हणजे, त्यातलं स्क्रॅमजेट इंजिन दोन्ही वेळा चाललं ते दहा-अकरा सेकंदच. स्क्रॅमजेट बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन वापरतं आणि आत शिरलेली हवा आवाजापेक्षा वेगाने वाहत असतानाच त्यात इंधन जळतं. इतक्या वेगवान झोतात ज्योत टिकवता येते का, याचं उत्तर त्या काही सेकंदांत मिळालं. यानं पॅसिफिक महासागरात पडली, परत मिळवण्याची योजनाच नव्हती. तीन यानं, तीन उड्डाणं, संपलं.

स्वस्तात आणि वारंवार

खरी अडचण हीच आहे. इतकी वर्षं आणि इतका पैसा घालून हाती लागते ती काही सेकंदांची माहिती. म्हणून अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने जनरेशन ऑर्बिट या अटलांटातल्या छोट्या कंपनीच्या 'गोलाँचर १' या रॉकेटला पाठबळ दिलं. २०१८ मध्ये त्याला एक्स-६०ए हे नाव मिळालं. बी-५२ ऐवजी गल्फस्ट्रीम ३ हे बिझनेस जेट आणि लक्ष्य मॅक ५ ते ८. त्यातलं हॅडली इंजिन द्रवरूप ऑक्सिजन आणि केरोसीनवर चालतं, म्हणजे आपल्या रॉकेलच्याच शुद्ध भावंडावर. पेगाससचं घन इंधन एकदा पेटलं की जळून संपेपर्यंत थांबत नाही. द्रव इंधनाच्या इंजिनाचा जोर मात्र कमी-जास्त करता येतो, त्यामुळे हव्या त्या वेगावर चाचणी घेणं सोपं होतं.

हेच हॅडली इंजिन पुढे स्ट्रॅटोलाँच कंपनीच्या टॅलन-ए यानात बसलं. ११७ मीटर पंखविस्ताराच्या 'रॉक' विमानातून सुटलेल्या टॅलन-ए२ ने डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये मॅक ५ ओलांडला, आणि दोन्ही वेळा ते कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळाच्या धावपट्टीवर स्वतःहून उतरलं. म्हणजे तेच यान पुन्हा वापरता आलं.

भारत कुठे आहे?

भारताने आतापर्यंत जमिनीवरून सुटणाऱ्या रॉकेटचा मार्ग घेतला आहे. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोटाहून स्क्रॅमजेट ५ सेकंद चालवलं. डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही यानाने ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून झेप घेतली आणि सुमारे ३० किलोमीटर उंचीवर रॉकेटपासून वेगळं होऊन मॅक ६ चा वेग २० सेकंदांहून जास्त काळ टिकवला.