घशाच्या औषधापासून रंगाच्या बंदुकीपर्यंत

परभणीत मोटारी रंगवणाऱ्या कारागिराच्या हातातील स्प्रे गन मुळात घशाच्या औषधाचे उपकरण होती, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. अमेरिकेतील टोलेडो शहरात डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी रोग्याच्या घशात तेलकट औषध फवारण्याचे उपकरण तयार केले व १८८८ मध्ये त्याचा व्यवसाय सुरू केला. १९०७ मध्ये त्यांचे चिरंजीव टॉमस यांनी त्याच तत्त्वावर रंगाची बंदूक बनवली.

तत्त्व सोपे आहे. नोझलभोवती हवा वेगाने सुटली की तेथील दाब उतरतो, पेल्यातील रंग वर ओढला जातो आणि हवेच्या झोतात त्याचे बारीक थेंब होतात. पेल्याच्या झाकणाला एक बारीक छिद्र असते. ते वाळलेल्या रंगाने बुजले तर आत हवा शिरत नाही आणि बंदूक अडखळत थुंकू लागते. कारागीर मात्र कॉम्प्रेसर तपासत बसतो!

१९२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड मोटारींना ड्यूको हा सेल्युलोज रंग दिला. तो इतक्या लवकर वाळे की ब्रश फिरवणे अवघड होई. त्यामुळे बंदुकीवाचून चालेना. पण लवकर वाळण्याचा हा गुणच उन्हाळ्यात दोष ठरतो. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की थिनर वाटेतच उडतो आणि पत्र्यावर खरखरीत भुकटी बसते. मग बंदूक वीतभर अंतरावर धरावी, सावकाश उडणारा थिनर घ्यावा. याउलट रंग घट्ट आणि दाब कमी असेल तर थेंब मोठे पडतात व पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो.

फवारा एका बाजूला जड पडत असेल तर करायची युक्ती आम्हांला फार आवडते. हवेची टोपी अर्धा फेरा फिरवून पुन्हा फवारावे. जड बाजू बदलली तर दोष टोपीत. तशीच राहिली तर रंगाच्या नोझलमध्ये. एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे. प्रयोगवहीत आपण मुलांना दुसरे काय शिकवतो?

पत्र्यावर न बसलेले थेंब मात्र कारागिराच्याच घशात जातात. हार्डनर मिसळून वापरायच्या हल्लीच्या अनेक रंगांत आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो. नाकावरच्या रुमालातून बाष्प आरपार जाते. तेथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच लागतो.