हात निवडले, डोके नाकारले

सालेकसा तालुका म्हणजे महाराष्ट्राचे पूर्वेकडचे टोक. मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी दरेकशाचे स्टेशन सोडते आणि छत्तीसगडात शिरते. धानाची बांधी, जंगल, गोंडांची गावे, बौद्ध मोहल्ले असा हा मुलूख. येथील शाळा-आश्रमशाळांच्या मैदानांवर दरसाल खेळाडूंची निवड होते. अशा वेळी बाकावर बसलेल्या जाणत्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : 'जंगलातलं पोरगं आहे, पळणारच.' संघनायक ठरवायची वेळ आली की मात्र हेच डोळे दुसरीकडे वळतात. 'त्याला बोलता येत नाही, जबाबदारी झेपणार नाही.' पोराच्या पायांची पारख एका वाक्यात होते. डोक्याची पारख होतच नाही.

ही निवडीची रीत आजची नाही. तिला इतिहास आहे आणि तो आपण नीट वाचला पाहिजे.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा, समाज चर्मकार. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे काम त्यांना मिळाले, पगार महिना तीन रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या क्लबात गेले, तेथे पगार चार रुपये झाला. रूळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी. बाळूंचा डावखुरा चेंडू असा घडला. पण त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हाती कोणी एकदाही बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकरीचे काम, फलंदाजी हा साहेबाचा मान. क्लबाच्या मैदानावर कामाची वाटणी झाली, ती गावगाड्यातल्या वाटणीहून वेगळी नव्हती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळू हवे होते. काही सभासदांनी विरोध केला, काहींनी आग्रह धरला. अखेर निवड झाली, पण अर्धीच. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. गरज जेथे संपते तेथे विटाळ सुरू होतो, हे सूत्र क्रिकेटच्या मैदानाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

पुढे मुंबईत ते हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज झाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, तेही सरासरी १९ धावांच्या आत. यापेक्षा मोठी परीक्षा ती कोणती? पण हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै हे ब्राह्मण गृहस्थ. हा मान खरे तर बाळूंचा होता, असे त्यांनी सत्काराच्या वेळी जाहीरपणे सांगितले. त्या प्रामाणिकपणाने निवड समितीत काही हलले नाही.

हलले ते १९२० साली. चौरंगी सामन्यांत बाळूंना संघातून वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या त्यांच्या भावांनी खेळण्यास नकार दिला. का नकार देतो तेही त्यांनी लपवले नाही. मग बाळूंना परत घेतले गेले आणि उपकप्तान केले गेले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली. अस्पृश्यतेविरुद्धच्या चळवळीने तोवर हवा बदलली होती हे खरे. पण हवा कप्तान नेमत नाही. ज्यांची गरज होती त्यांनी 'आम्ही येत नाही' असे म्हटले, तेव्हा दार किलकिले झाले.

बाळूंच्या आयुष्यात आणखी एक निवड आहे आणि आपण तिच्यापासून तोंड फिरवू नये. १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेब निवडून आले. जिमखाना आणि काँग्रेस या एकच संस्था नव्हेत आणि बाळूंची मते त्यांची स्वतःची होती; १९३२ च्या पुणे करारावरही त्यांची सही आहे. त्यांना केवळ प्यादे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही मनात प्रश्न उरतोच : कप्तानपदासाठी हा माणूस कमी पडला आणि बाबासाहेबांना अडवण्यासाठी तो एकदम पुरेसा ठरला, हे कसे?

हाच हिशेब अमेरिकेत कसा मांडला गेला ते पाहण्यासारखे आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते तेथल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यावरून. तेव्हा ही तुलना आपल्याला परकी नाही. अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडे खेळत नाहीत. लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा. क्वार्टरबॅक डाव चालवतो आणि चेंडू फेकतो. रिसीव्हर वाऱ्यासारखा पळत जाऊन तो झेलतो. एक डोके, दुसरा पाय आणि हात, अशी समजूत. कॉलेजांतून तयार झालेले खेळाडू धंदेवाईक संघ १९३६ पासून दरवर्षी पाळीपाळीने निवडतात. त्याआधी उंची मोजतात, वजन करतात, पंजाची लांबी घेतात, चाळीस यार्ड पळायला लावून घड्याळ लावतात. बैलबाजारात दात पाहावेत तसे. १९३४ ते १९४५ या काळात त्यांच्या प्रमुख धंदेवाईक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नंतर दार उघडले, पण पळण्या-झेलण्याच्या बाजूचे आधी उघडले.

मार्लिन ब्रिस्को हा ओमाहा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. १९६८ साली डेन्व्हरच्या संघाने त्याला चौदाव्या फेरीत घेतले, तेही बचावाच्या जागेसाठी. अडचणीच्या वेळी चेंडू त्याच्या हाती आला आणि त्या हंगामात त्याच्या १४ फेकींवर संघाला टचडाऊन मिळाले. पुढच्या वर्षी डेन्व्हरने त्याला ती जागा दिली नाही. तो बफेलोला गेला आणि रिसीव्हर झाला. उत्तम रिसीव्हर झाला. म्हणजे पारख करणाऱ्यांचे बरोबर होते, असे कोणी म्हणेल. पण त्याचे डोके चाललेले सर्वांनी पाहिले होते, मगच त्याला पायांवर आणले गेले.

बरे, पायांची पारख तरी खरी असते का? जेरी राइस हा गवंड्याचा मुलगा, बापाच्या हाताखाली विटा झेलत वाढलेला, मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांच्या एका लहान कॉलेजात शिकलेला. घड्याळात तो कमी पडतो असे जाणकार म्हणाले. १९८५ साली त्याच्या आधी पंधरा जण निवडले गेले. त्याने कारकिर्दीत १,५४९ झेल घेतले आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. विटा झेलून तयार झालेला हात कोणत्या घड्याळाने मोजणार?

आणि हे जुने झाले असेही समजू नये. २०१८ साली लमार जॅक्सन या कॉलेजातल्या नामवंत क्वार्टरबॅकला रिसीव्हर होण्याचा सल्ला जाणकारांनी दिला. त्याने रिसीव्हरच्या चाचण्या देण्यासच नकार दिला. पहिल्या फेरीत अगदी शेवटी, बत्तिसावा म्हणून तो निवडला गेला आणि २०१९ च्या हंगामात सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला एकमताने मिळाला. त्या दोन भावांचा नकार आणि या पोराचा नकार यांत जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. अर्थ एकच आहे.

तेव्हा मुद्दा असा की मोजणारा आणि मोजपट्टी यांना जात असते. एकलव्याची गोष्ट आपण अन्यायाची म्हणून सांगतो. पण द्रोणाची पारख चुकली नव्हती, हे विसरतो. त्याने अचूक ओळखले होते, म्हणूनच अंगठा मागितला.

सालेकसाच्या मैदानावर शिट्टी हाती असलेल्या शिक्षकांना एवढेच सांगणे आहे. घड्याळ लावा, जरूर लावा. पण संघ ठरवल्यावर नायकाचे नाव लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : हा मुलगा मी कोणत्या कामासाठी निवडला आणि कोणत्या कामासाठी पाहिलाच नाही? एकदा त्याच्याकडे डाव सोपवून पाहा. हरला तर तुमचा एक सामना जाईल. न सोपवता मात्र माणूस जातो, आणि त्याची नोंद कोणत्याच धावफलकावर होत नाही.