बिनतारी संदेश, बॅटरी आणि सांगशाकचा वेढा

आज मी बोलतोय मैसूर जिल्ह्यातल्या कृष्णराजनगरहून. चौथ्या कृष्णराज वडियारांच्या नावाचं हे गाव कावेरीकाठी आहे. याच कावेरीवर, खाली शिवनसमुद्रला, 1902 साली वीज तयार झाली आणि तारांवरून थेट कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेली.

पण लढाईत पलटणीच्या मागे तार कोण ओढणार? तिथे वीज बॅटरीत भरून न्यावी लागते. ती बॅटरी सांभाळणं हे सैन्यातलं एक मोठं काम. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र त्याला सहसा एक ओळही मिळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात मोठे वायरलेस सेट चालायचे ते शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल असलेल्या बॅटऱ्यांवर. एका सेलचे 2 व्होल्ट, सहा सेल जोडले की 12. सिग्नलचा जवान हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता बघायचा. 1.28 च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 1.15 च्या जवळ म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली, तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती कायमची निकामी होते. सहातला एक सेल बिघडला, तरी सेट मुका होऊ शकतो. पाणी आटलं तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. चार्जिंग चालू असताना हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळ बिडी पेटवायची नाही. शिवाय चार्जिंगचं पेट्रोल इंजिन आवाज करतं, आणि आवाज शत्रूलाही ऐकू जातो.

आता चला मणिपूरमधल्या सांगशाकला. मार्च 1944. कोहिमाकडे निघालेल्या जपानी 31व्या डिव्हिजनच्या सैन्याने 50व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडला वेढा घातला. ब्रिगेडबरोबर होती आपली मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन. प्यायला पाणी पुरेना. विमानांतून टाकलेलं बरंचसं सामान जपान्यांच्या हाती पडलं. रस्ते बंद. बाहेरच्या जगाशी बोलायला उरला होता तो वायरलेस.

26 मार्चच्या संध्याकाळी त्याच वायरलेसवर हुकूम आला: वेढा फोडून बाहेर पडा. रात्री उरलेली ब्रिगेड अंधारातून निघाली. या लढाईत जपान्यांचे मोलाचे दिवस खर्ची पडले आणि कोहिमाच्या बचावाला तेवढी सवड मिळाली.

विचार करा, त्या संध्याकाळी सेट मुका असता तर? टेकडीवरच्या माणसांना निघायची वेळ झाली हे कळलंच नसतं.

म्हणून मला वाटतं, लढाईचा इतिहास वाचताना हुकूम कोणी दिला याबरोबरच तो पोचला कसा, हेही विचारावं. रोज हायड्रोमीटर बघून वहीत आकडा लिहिणारा जवान शौर्यपदकांच्या यादीत क्वचितच दिसतो. पण त्या आकड्यावर किती जणांचं घरी परतणं अवलंबून होतं, हे सांगशाक सांगतं.